विष उतरल्यानंतर

मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस तोंडावर आलेला असताना, काजूच्या बागेतला पातेरा ओढून ढीग करण्याचे काम देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात घरोघर चालते. त्या कामात खालच्या वाडीतल्या एका तरुणाच्या बोटाला फुरसे चावले. दीड वीत लांबीचे, पातेऱ्याच्याच रंगाचे जनावर. दिसले तेव्हा उशीर झाला होता. त्याला दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून रुग्णालयात नेले. तिथे त्याचे रक्त कोऱ्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवले आणि मग नळी तिरपी केली. रक्त गोठलेले नव्हते. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया मोडते, त्यामुळे एवढी साधी चाचणीही पुरेसे सांगून जाते. सलाइनमधून लस चढली, रात्री पुन्हा नळी तिरपी केली तेव्हा आत घट्ट गुठळी होती, आणि दोन-तीन दिवसांत मुलगा घरी आला. गावच्या राखणदार देवचाराला नारळ देऊन झाला, गाऱ्हाणे घालून झाले. आणि आठवडा उलटून गेल्यावर, सगळे विसरत आलेले असताना, त्याला ताप भरला, अंगावर गांधी उठल्या, मनगटे आणि गुडघे इतके सुजले की त्याला पायरी उतरता येईना. त्याच्या आजीने निदान लगेच केले: विष पुन्हा चढले. मांत्रिकाला बोलावणे धाडण्याची तयारी झाली होती, पण त्याच्या बहिणीने हट्टाने त्याला परत डॉक्टरांकडे नेले. विषाचा यात काही संबंध नाही, हा लसीमुळे आलेला त्रास आहे आणि तो गोळ्यांनी बरा होईल, असे त्यांनी सांगितले आणि तसे झालेही. ओसरीवर पाय पसरून बसलेल्या त्या मुलाने मला विचारलेला प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. विष उतरले, लस तर बरे करायला दिली होती, "मगे आता माका चावला कोण?"

सर्पदंशाची लस घोड्याच्या रक्तातून येते, हे आपल्याकडे बहुतेकांना ऐकून माहीत असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष घोड्यांना अगदी थोड्या मात्रेत टोचत जायचे, घोड्याच्या शरीराने त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे विषाला अडवणारी प्रथिने, बनवली की त्याचे रक्त काढून त्यातला तो भाग वेगळा करायचा. परळच्या हाफकिन संस्थेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. प्रतिपिंडाचा रेणू बेचकीच्या आकाराचा असतो. वरची दोन टोके विषाला किंवा जंतूला जाऊन चिकटतात आणि खालची दांडी शरीरातल्या इतर पेशींना धरण्यासाठी मोकळी राहते. लस बनवताना घोड्याच्या प्रतिपिंडांची ही दांडी पेप्सिन वापरून कापून टाकतात, म्हणजे माणसाला त्रास कमी होतो. कमी होतो, पण संपत नाही. कारण उरलेली टोकेसुद्धा घोड्याचीच असतात आणि माणसाचे शरीर ती परकी म्हणून ओळखते. त्या ओळखीला वेळ लागतो. आठवडाभराने मुलाच्या स्वतःच्या बी-पेशींनी घोड्याच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे बनवली, ती रक्तात अजून फिरत असलेल्या लसीला चिकटली आणि दोहोंचे सूक्ष्म पुंजके सांध्यांत, त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांत जाऊन बसले. पुंजक्यांभोवती पांढऱ्या पेशी जमल्या आणि त्यांनी आपली जळजळीत रसायने तिथेच सोडली. सूज आली ती या रसायनांनी.

त्याला चावले ते त्याचेच रक्त.

हे पहिल्यांदा नीट पाहिले ते व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक या दोन बालरोगतज्ज्ञांनी. घटसर्पाच्या मुलांना घोड्याच्या रक्तातून असाच काढलेला सीरम देत असत, आणि घटसर्प बरा झाल्यावर आठ-बारा दिवसांनी त्यांतल्या काही मुलांना अगदी असाच ताप, अशाच गांधी आणि असेच सांधे येत. 1905 साली दोघांनी त्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्या लक्षात आलेली खरी गोष्ट म्हणजे तो मधला रिकामा काळ. सीरम स्वतः विषारी असता, तर त्रास त्याच दिवशी व्हायला हवा होता. शरीर काहीतरी तयार करत होते आणि ते तयार झाले की मूल आजारी पडत होते. ज्या प्रतिपिंडांनी रक्षण करायचे तीच रोगालाही कारण होतात, ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल, असे पिर्केला स्वतःलाही वाटत होते. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी ती आमच्या वाडीत अजून पोचलेली नाही, आणि खरे सांगायचे तर शहरातही ती फारशी पोचलेली दिसत नाही.

आमच्या घरात आजार नेहमी बाहेरून येत असे. नजर बाहेरची, वारा बाहेरचा, बाधलेले पाणी परगावचे. शाळेत जंतू शिकवले तेव्हा यादीत एक नाव वाढले, इतकेच. आजाराची दिशा तीच राहिली. पावसाळ्यात ताप आला की माजघरात, जमिनीच्या ओलीचा आणि चुलीच्या धुराचा वास मिसळलेल्या अंधारात, दोन गोधड्या अंगावर घालून निजवत आणि आटवलचा भात किंवा पेज भरवत. दात वाजत असताना अंगात काहीतरी शिरले आहे आणि ते आपल्याला हलवते आहे, अशी माझी पक्की समजूत होती. प्रत्यक्षात ते हलवणे आपलेच असते. जंतूची चाहूल लागताच जंतू गिळणाऱ्या आपल्या भक्षक पेशी काही रसायने रक्तात सोडतात, मेंदू शरीराचे ठरलेले तापमान वर सरकवतो आणि ते गाठण्यासाठी स्नायू थरथरू लागतात. अंग मोडून येणे, अन्नावरची वासना जाणे, उजेड नकोसा होणे, यांतले पुष्कळसे जंतूने केलेले नसते. हे कळल्यावर मला दिलासा वाटला की भीती, हे अजूनही ठरवता आलेले नाही.

लावणीच्या दिवसांत हे सारे फार जवळून पाहायला मिळते. जुलैत गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायकांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात, टाचांना भेगा असतात, आणि उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेल्या लेप्टोच्या जंतूला आत शिरायला तेवढी वाट पुरते. आशाताई बांधावर येऊन डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतात. आठवड्याला एकदा घ्यायच्या, उपाशीपोटी नाही. काही बाया त्या तिथल्या तिथे गिळतात, काही पदराच्या गाठीत बांधतात आणि गाठ संध्याकाळी धुण्यात जाते. लेप्टोचा जंतू मोठा धूर्त आहे. इतर अनेक जंतूंचे आवरण ज्या रेणूने आपल्या पेशी ओळखतात, त्या रेणूला लेप्टोचे आवरण नीट कळतच नाही. उंदरांच्या पेशींना ते कळते. उंदीर जंतू बाळगून हिंडतो आणि धडधाकट राहतो. माणसात पहिला आठवडा जंतू रक्तात मोकळा फिरतो: ताप, लाल डोळे, हात लावू न देणाऱ्या पोटऱ्या. याच दिवसांत प्रतिपिंडांची तपासणी केली तर ती बहुधा कोरी येते, कारण प्रतिपिंडे अजून बनायचीच असतात. म्हणून कोकणात पावसाळ्यात काम केलेला अनुभवी डॉक्टर अहवालाची वाट न पाहता पेशंटला विचारतो, शेतात उतरला होतास का, आणि औषध सुरू करतो. पुढे प्रतिपिंडे येतात, जंतू रक्तातून नाहीसा होतो, मूत्रपिंडात दडून राहतो, ताप उतरतो; आणि काहींना तो पुन्हा चढतो. या दुसऱ्या फेरीत डोके असह्य दुखते, मेंदूच्या आवरणाला सूज येते, क्वचित काही महिन्यांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याला दाह होऊन नजर धूसर होते. रक्तात जंतू सापडत नाही. या फेरीतला मोठा वाटा प्रतिकाराचा असतो, असे वैद्यकात मानले जाते. एकाच रोगाच्या दोन हप्त्यांचे दोन वेगळे धनी असावेत, हे मला त्या फुरसे चावलेल्या मुलामुळे नीट समजले.

डेंगीत तर प्रतिपिंडाच्या बेचकीची दांडीच घात करते. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, पण दुसरा प्रकार आला तर जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात आणि निकामी मात्र करू शकत नाहीत. भक्षक पेशी सवयीप्रमाणे दांडी धरून प्रतिपिंडाला चिकटलेल्या विषाणूसकट आत ओढते, आणि विषाणूला हवे असते तेच, कारण तो वाढतो तो याच पेशीत. बँकॉकमध्ये 1960 च्या दशकात काम करताना स्कॉट हॉलस्टेड यांना दिसले की गंभीर डेंगी मुख्यतः दोन गटांत होतो: दुसऱ्यांदा लागण झालेली मुले, आणि पहिल्यांदाच लागण झालेली वर्षाआतली बाळे. बाळांचे कोडे आईपाशी सुटले. तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात, काही महिने राखतात, आणि मग ओसरत ओसरत अशा पातळीवर येतात की विषाणू रोखण्याइतकी ती उरत नाहीत, पण त्याला पेशीच्या दारापर्यंत पोचवण्याइतकी असतात. फिलिपिन्समध्ये 2016 साली शाळकरी मुलांना डेंगीची लस देण्याची मोठी मोहीम झाली. ज्यांना पूर्वी कधीच डेंगी झाला नव्हता त्यांना या लसीनंतर गंभीर डेंगीचा धोका वाढतो, हे 2017 च्या अखेरीस उत्पादकांनीच जाहीर केले आणि तिथे लसींविषयीचा विश्वासच डळमळला. लसींच्या विरोधकांना हे उदाहरण फार आवडते. पण हे ओळखले, मोजले आणि उघड सांगितले तेही याच शास्त्राने, आणि घटसर्प व धनुर्वाताची लस घेऊन वाढलेल्या आपल्या पिढीने तेवढे तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

बाहेरचे काहीच नसताना हे घडू शकते का? पाउल एर्लिख यांनी 1900 च्या सुमारास बकऱ्यांवर प्रयोग केले. एका बकरीला दुसरीचे रक्त टोचले की ती त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवी, स्वतःच्या रक्ताविरुद्ध मात्र कधी बनवीत नसे. शरीराला स्वतःचे विष होण्याचे भय असते आणि ते टाळण्याची काही व्यवस्था असली पाहिजे, असे त्यांनी म्हटले. 1904 साली डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी थंडीत लघवीतून लाल रंग जाणाऱ्या रुग्णांत स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडणारे प्रतिपिंड दाखवून दिले, तरी पुढची कित्येक वर्षे मंडळी धरून बसली होती की असे होणे शक्यच नाही.

माझी काकू हे शक्य असल्याचा पुरावा रोज सकाळी पाहते. उठल्यावर तिची मूठ वळत नाही. चहाचा पेला ती दोन्ही तळव्यांत धरते, बोटांनी नव्हे, आणि त्याची ऊब बोटांत उतरेपर्यंत पीत नाही. नारळ खवायला बसायचे ते दहा वाजल्यावर. कोलंबी सोलायची तर त्याहून उशिरा, कारण कोलंबीचा धागा काढायला बोटांची टोके लागतात आणि ती सर्वांत शेवटी जागी होतात. तिच्या पाटल्या सोनाराकडून कापून काढाव्या लागल्या. या आजाराला गावात नुसते वात म्हणतात, कागदावर आमवात किंवा रुमेटॉइड आर्थ्रायटिस लिहिलेले असते. तिच्या अहवालातला "आरए फॅक्टर" म्हणजे नेमके काय, हे वाचले तेव्हा मी थबकलो. नॉर्वेच्या एरिक वॉलर यांनी 1940 मध्ये नोंदवलेला हा घटक म्हणजे प्रतिपिंडाविरुद्धचे प्रतिपिंड. ते जाऊन चिकटते कशाला, तर स्वतःच्याच दुसऱ्या प्रतिपिंडाच्या दांडीला. सांध्याच्या आतले नाजूक अस्तर सुजून जाड होते, त्यात टी-पेशी, बी-पेशी, भक्षक पेशी अशा प्रतिकाराच्या पेशी मुक्काम ठोकतात आणि हळूहळू हाडाची कड खाल्ली जाते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार दोन-तीन पटींनी अधिक आढळतो. काकू आठवड्यातून एकदा, फक्त रविवारी, मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या घेते. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते, म्हणून तिने तो डबा देवघरातल्या फडताळात वेगळा ठेवला आहे आणि कोणालाही हात लावू देत नाही.

शेजारच्या वयनीने तिला गुळवेलीचा काढा आणून दिला. आमच्याकडे गुळवेल आंब्यावर, भेंडावर, कुठेही चढते. विकत घ्यावी लागत नाही. "गुळवेलीचो काढो घे गो, प्रतिकारशक्ती वाढतली," असे वयनीचे म्हणणे. काकू म्हणाली, "वाढवन काय करू? आसा तीच आवरना नाय." इतके नेमके उत्तर मी कोणत्याही जाहिरातीला दिलेले ऐकलेले नाही. कोविडनंतर दुकानातली निम्मी फळी प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या बाटल्यांनी भरली, जणू ती भाताच्या कणगीसारखी शिगोशीग भरलेली असली की काम झाले. 2021 मध्ये मुंबईच्या काही डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांत यकृताला स्वयंप्रतिकारासारखा दाह झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नव्हती, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीचा तो परिणाम असू शकेल, असे त्याचे म्हणणे होते. वाद काहीही असो, यकृतावर ताण आणू शकणारी गोळी आधीच चालू असलेल्या बाईने ओळख न पटलेली वेल उकळून पिऊ नये, हे मला पुरेसे स्पष्ट वाटते. शरीराला नेहमीच जोर हवा असतो असे नाही. कित्येकदा थांबवणारे कोणीतरी हवे असते. शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये टी-पेशींमधला असा एक गट दाखवला की त्याचे कामच बाकीच्यांना आवरण्याचे आहे, आणि मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी 2001 मध्ये त्यामागचे जनुक शोधले. ते जनुक बिघडलेली बाळे जन्मतःच स्वतःच्या आतड्यांवर, ग्रंथींवर, त्वचेवर तुटून पडतात. या तिघांना 2025 चे नोबेल मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी बातमी दिली खरी. पण "प्रतिकारशक्ती आवरा" अशी बाटली काही कोणी काढली नाही.

गोळ्या पुऱ्या पडेनात, तेव्हा कोल्हापूरच्या सांधेतज्ज्ञांनी काकूला नव्या इंजेक्शनाचे सुचवले. सुजेला पेटते ठेवणारे टीएनएफ नावाचे एक रसायन भक्षक पेशी सोडतात. त्याला अडवणारे हे औषध. मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी 1992 साली लंडनमध्ये ते पहिल्यांदा आमवाताच्या रुग्णांना दिले, आणि जिना चढू न शकणारी माणसे जिना चढून दाखवू लागली. गंमत अशी की औषधही प्रतिपिंडच. पण तज्ज्ञांनी आधी विचारले, घरात कोणाला क्षय होता का? होता. काकूचे सासरे, म्हणजे माझे आजोबा, परळच्या गिरणीत होते. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या चाकरमान्यांत राहिले आणि 1982 च्या संपाच्या आधीच खोकला घेऊन गावी परतले. त्यांची पिकदाणी राखेने घासून धुणारी होती ही काकू, तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. क्षयाचा जंतू अशा माणसाच्या फुप्फुसात जन्मभर निपचित पडून राहू शकतो. भक्षक पेशी आणि टी-पेशी त्याच्याभोवती गाठ बांधून बसलेल्या असतात, आणि ती गाठ घट्ट ठेवण्याचे काम करते तेच टीएनएफ. 2001 मध्ये हे लक्षात आले, कारण इंजेक्शन घेणाऱ्यांचे जुने क्षय उघडे पडू लागले होते.

मग काकूच्या हाताला मांटूची, म्हणजे क्षयाचा जंतू अंगात आहे का ते पाहण्याची, सुई टोचली. ही चाचणी मुळात सुचवली 1907 मध्ये त्याच पिर्के यांनी. इथे प्रतिपिंडांचा हात नसतो. पूर्वी कधीतरी जंतूला भेटलेल्या टी-पेशी दोन-तीन दिवसांत टोचल्या जागी गोळा होतात आणि कातडी घट्ट फुगते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लालीकडे दुर्लक्ष केले, बोटाने कड चाचपली, बॉलपेनने दोन रेघा मारल्या आणि मधले अंतर पट्टीने मोजले. ते चांगलेच भरले. छातीचा फोटो स्वच्छ होता, म्हणजे जंतू आत असला तरी गाठीत होता. आधी क्षय दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सुरू करायच्या, दर महिन्याला यकृत तपासायचे आणि महिन्याभराने इंजेक्शन, असे ठरले. तो महिना संपणार होता जुलैत.

काकूने परतीच्या एस.टी.त, फोंडा घाट उतरताना, हिशेब मांडला. इंजेक्शनाने अंगातला पहारा सैल होणार, हे डॉक्टरांनीच सांगितले आहे. जुलैत लावणी, गुडघाभर पाणी, लेप्टो. शेतात उतरू नको म्हटले तरी ती उतरणार, हे तिला ठाऊक होते आणि मलाही. मी म्हटले, यंदा गडी लावू. तिने खिडकीबाहेर पाहत गड्यांची मजुरी आणि इंजेक्शनाची किंमत यांची बेरीज मोठ्याने करून दाखवली. क्षयाच्या गोळ्या ती घेते आहे, डॉक्सिसायक्लिन आशाताईसमोर गिळते आहे, मेथोट्रेक्झेट रविवारी आहेच. इंजेक्शनाबद्दल तज्ज्ञांना फोन करून तिने स्वतःच कळवले, "कापणी होवंदे, मगे बघू," आणि त्यांनी तोवर मेथोट्रेक्झेटची मात्रा थोडी वाढवून दिली.